विश्लेषण : सुतार म्हणून हिणवले, त्यांच्याच गिटारी आज संग्रहालयात! कोण होते सी. एफ. मार्टिन?

जुन्या अकूस्टिक गिटारी जमवणाऱ्यांच्या जगात एक नाव सर्वांत आधी घेतले जाते, ते म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन. त्यांनी १८३३ मध्ये सुरू केलेली कंपनी आजही गिटारी बनवते. मात्र त्यांच्या हयातीत प्रत्येक गिटारीवर सलग अनुक्रमांक टाकण्याची पद्धत नव्हती. मग दीडशे वर्षांपूर्वीची गिटार अस्सल आहे की नाही आणि ती साधारण कोणत्या काळातली, हे कसे ठरते? त्याचे उत्तर मार्टिन यांच्या आयुष्यात आहे. त्यांच्या आयुष्यातील जवळपास प्रत्येक वळण त्यांच्या गिटारीवर एक खूण सोडून गेले.

हॉलिवूडच्या सेटवर नेमके काय घडले होते?

क्वेंटिन टॅरेंटिनो यांचा ‘द हेटफुल एट’ हा चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळातील ही कथा आहे. त्यातील एका प्रसंगात जेनिफर जेसन ली यांचे पात्र गिटार वाजवत असते. कर्ट रसेल यांचे पात्र ती गिटार हिसकावून आपटते आणि तिचे तुकडे होतात. हा प्रसंग चित्रित करताना ऐनवेळी खरी गिटार बाजूला ठेवून नकली गिटार हाती द्यायची, असे ठरले होते. मात्र हे रसेल यांच्यापर्यंत पोहोचले नाही. त्यांनी फोडली ती मार्टिन कंपनीच्या संग्रहालयातून उसनी आणलेली, १८७० च्या दशकातील अस्सल गिटार होती. पडद्यावर ली यांचा जो धक्का दिसतो, तो अभिनयाचा नव्हता.

विम्याचे पैसे मिळाले, पण गिटार दुरुस्त होण्यासारखी राहिली नव्हती. चित्रपटांना यापुढे संग्रहालयातील वाद्ये द्यायची नाहीत, असा निर्णय कंपनीने त्यानंतर घेतला. त्या काळातील मार्टिन गिटारी मुळातच कमी बनल्या. त्यांतील प्रत्येक गिटार हाताने केलेली असल्याने दोन गिटारी तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे एक गिटार फुटली की तिच्यातून मिळणारी माहितीही कायमची जाते.

मार्टिन यांचा जन्म कोठे झाला?

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म ३१ जानेवारी १७९६ रोजी मार्कनॉयकिर्खेन या गावी झाला. हे गाव आजच्या जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेजवळ आहे. वाद्यनिर्मिती हाच या परिसराचा मुख्य व्यवसाय होता. बोहेमियातून धार्मिक छळामुळे बाहेर पडलेल्या प्रोटेस्टंट व्हायोलिन कारागिरांनी १६७७ मध्ये येथे आपला गिल्ड स्थापन केला होता. गिल्ड म्हणजे एका व्यवसायातील कारागिरांचा अधिकृत संघ. कोणी काय बनवायचे, कोणाला शिकाऊ म्हणून घ्यायचे, कोणाला उस्ताद म्हणायचे हे सगळे गिल्ड ठरवत असे.

मार्टिन यांचे वडील योहान गेओर्ग मार्टिन हे फर्निचर बनवणारे सुतार होते आणि सुतारांच्या गिल्डचे सदस्य होते. मात्र ते गिटारीही बनवत. मुलाने वडिलांकडून लाकूडकामाचे धडे घेतले. पुढे तो व्हिएन्नाला योहान गेओर्ग श्टाउफर यांच्याकडे काम शिकायला गेला. श्टाउफर हे त्या काळात युरोपातील नामवंत गिटार कारागीर होते.

व्हिएन्नातच मार्टिन यांचे लग्न झाले. पत्नी ओटिली या वाद्य बनवणाऱ्या घरातल्याच होत्या. १८२५ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नावही ख्रिश्चन फ्रेडरिक ठेवण्यात आले. पुढे मार्टिन कुटुंबासह आपल्या गावी परतले.

श्टाउफर यांच्याकडून ते काय शिकले?

गिटारीच्या दांडीच्या टोकाला खुंट्या असलेला जो भाग असतो, त्याला हेडस्टॉक म्हणतात. बहुतेक अकूस्टिक गिटारींवर दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असतात. श्टाउफर यांच्या गिटारीवर सहाही खुंट्या एकाच बाजूला, एका ओळीत असत आणि हेडस्टॉकचे टोक गोल वळलेले असे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे दांडीचा कोन बदलता येत असे. दांडी जेथे खोक्याला जोडलेली असते तेथे किल्ली घालून फिरवली की तारा आणि पडदे यांच्यातील अंतर कमी-जास्त करता येई.

मार्टिन यांनी अमेरिकेत बनवलेल्या सुरुवातीच्या गिटारींवर हीच दोन वैशिष्ट्ये दिसतात. त्यामुळे एका बाजूला सहा खुंट्या, किल्लीने हलणारी दांडी आणि खाली निमुळता होत जाणारा, आइस्क्रीमच्या कोनसारखा दिसणारा दांडीचा सांधा असलेली मार्टिन गिटार समोर आली, की संग्राहक ती पहिल्या काही वर्षांतली समजतात. व्हिएन्नातील शिक्षणाची ती खूण आहे.

व्हायोलिनवाले विरुद्ध सुतार हा वाद काय होता?

मार्कनॉयकिर्खेनमध्ये गिटार हे तुलनेने नवे वाद्य होते. व्हायोलिन कारागिरांच्या गिल्डच्या जुन्या नियमांत त्याचा उल्लेख नव्हता. ही मोकळी जागा सुतारांनी घेतली आणि ते गिटारी बनवू लागले. मागणी वाढू लागली तशी व्हायोलिन कारागिरांना ही स्पर्धा खुपू लागली. सुतारांना गिटार बनवण्यास मनाई करावी, यासाठी त्यांनी १८२६ मध्ये आणि पुन्हा १८३२ मध्ये प्रशासनाकडे अर्ज केले.

त्यांचा युक्तिवाद असा होता, की आपण कलावंत आहोत आणि सुतार हे केवळ यंत्रवत काम करणारे लोक आहेत. ते जे करतात त्याची जागा फर्निचरमध्ये आहे, वाद्यांत नाही. सुतारांच्या बाजूने या वादात जी साक्ष नोंदवली गेली, त्यात मार्टिन यांचे नाव होते. त्यांनी व्हिएन्नात श्टाउफर यांच्याकडे शिक्षण घेतले असून त्यांच्या गिटारींत गुणवत्तेच्या किंवा रूपाच्या दृष्टीने कोणतीही उणीव काढता येत नाही, असा त्या साक्षीचा आशय होता.

सुतारांनी गिटार बनवण्याचा आपला हक्क टिकवला. पण अशा व्यवस्थेत आपल्याला पुढे जाता येणार नाही, हे मार्टिन यांनी ओळखले. हातात कला होती, शिक्षण होते, तरीही आपण कोणत्या घरात जन्मलो यावरून कामाचा अधिकार ठरत होता. सप्टेंबर १८३३ मध्ये त्यांनी गाव सोडले. तेव्हा त्यांचे वय ३७ होते. पत्नी आणि मुले घेऊन अटलांटिक ओलांडून ते नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुरुवात कशी केली?

मार्टिन यांनी न्यूयॉर्कमधील १९६, हडसन स्ट्रीट येथे दुकान थाटले. आज त्या परिसरात हॉलंड बोगद्याचे प्रवेशद्वार आहे. दुकानात सर्व प्रकारचा वाद्यांचा माल मिळत असे. मागच्या बाजूला थोड्या गिटारी बनत आणि पुढे युरोपातून आणलेली पितळी वाद्ये, व्हायोलिन, तारा विकल्या जात. दुरुस्तीची कामेही येत. या मालात मार्टिन यांच्याच गावाकडून मागवलेला मालही मोठ्या प्रमाणात असे.

दुकानाच्या १८३४ पासूनच्या हिशेबाच्या वह्या अजून टिकून आहेत. जुन्या गिटारींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा मोठा ठेवा आहे. रोख पैसे नेहमीच मिळत नसत. वाद्यांच्या मोबदल्यात वाइनपासून लहान मुलांच्या कपड्यांपर्यंत काहीही स्वीकारल्याच्या नोंदी त्यांत आहेत.

या काळात मार्टिन यांनी वेगवेगळ्या लोकांबरोबर भागीदारी केली. ‘मार्टिन अँड शॅट्झ’, ‘मार्टिन अँड ब्रुनो’ आणि पुढे ‘मार्टिन अँड कूपा’ अशी लेबले या गिटारींच्या पोटात सापडतात. हाइनरिश शॅट्झ हे त्यांच्या गावाकडचे मित्र होते आणि त्यांच्या आधी अमेरिकेत आले होते. चार्ल्स ब्रुनो यांच्याबरोबरची भागीदारी १८३८ मधील. जॉन कूपा हे गिटारशिक्षक होते. या भागीदाऱ्यांचा काळ कागदपत्रांवरून माहीत असल्याने लेबल वाचता आले, तर गिटारीचा काळ बराच जवळ आणता येतो.

नाझरेथला जाण्याचे कारण काय?

१८३७ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. अनेक बँका बुडाल्या. न्यूयॉर्कच्या गजबजाटात मार्टिन कुटुंब फारसे रमलेही नव्हते. शॅट्झ यांनी आधीच पेनसिल्व्हेनिया राज्यातील नाझरेथजवळ बिऱ्हाड हलवले होते. नाझरेथ हे न्यूयॉर्कपासून सुमारे १२० किलोमीटरवर, मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी वसवलेले छोटे गाव होते. तेथे जर्मन बोलली जात असे आणि संगीताला धार्मिक जीवनात मानाचे स्थान होते.

मार्टिन यांनी १८३८ मध्ये न्यूयॉर्कमधील दुकान विकले. गावात जमीन मिळण्यावर पंथाची बंधने असल्याने १८३९ मध्ये त्यांनी नाझरेथच्या वेशीबाहेर आठ एकर जागा घेतली आणि तेथेच घर व कार्यशाळा सुरू केली. पुढे १८५९ मध्ये गावात नॉर्थ स्ट्रीटवर कारखाना उभारला. ही इमारत शंभर वर्षांहून अधिक काळ कंपनीच्या वापरात होती.

मात्र विक्री न्यूयॉर्कमधूनच होत राहिली. आधी कूपा आणि नंतर झोबिश हे व्यापारी तेथे मार्टिन गिटारी विकत. त्यामुळे गिटार नाझरेथमध्ये बनत असे, पण तिच्यावरचा शिक्का ‘न्यूयॉर्क’चाच असे. हे जवळपास ६० वर्षे चालले. नवख्या संग्राहकाची येथे हमखास फसगत होते. शिक्क्यावर न्यूयॉर्क लिहिले आहे म्हणून ती गिटार १८३९ च्या आधीची, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. १८९० च्या दशकातील गिटारीवरही न्यूयॉर्कच असते.

फुलीच्या पट्ट्यांचा शोध का महत्त्वाचा?

गिटारीच्या वरच्या फळीला सतारीप्रमाणे तबली म्हणता येईल. ही स्प्रूस लाकडाची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा तारा घोडीला सतत ओढत असतात. त्या ताणाने घोडी पुढे कलते आणि फळी एका बाजूला फुगते, दुसऱ्या बाजूला खचते. फळी जाड केली तर ती टिकते, पण नीट थरथरत नाही आणि आवाज दबतो. पातळ ठेवली तर आवाज खुलतो, पण ती मोडू शकते. गिटार कारागिराची सगळी कसोटी या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात असते. त्यासाठी फळीच्या आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात.

व्हिएन्ना पद्धतीत या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. स्पेनमधील कारागीर त्या पंख्यासारख्या पसरून लावत. १८४० मध्ये मादाम दे गोनी या स्पॅनिश गिटारवादक अमेरिकेत आल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या स्पॅनिश वाद्यांचा आणि वादनशैलीचा अमेरिकेतील कारागिरांवर मोठा प्रभाव पडला. मार्टिन यांच्या गिटारींची कंबर, खोक्याचा आकार आणि घोडी हळूहळू स्पॅनिश वळणाची होऊ लागली. वळलेला व्हिएन्ना हेडस्टॉक मागे पडला आणि साधा आयताकृती हेडस्टॉक आला.

याच सुमारास पट्ट्यांची तिसरी रचना पुढे आली. गोल भोक आणि घोडी यांच्या मध्ये दोन मुख्य पट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात आणि त्यांच्या खालच्या दोन बाजू घोडीच्या दोन्ही टोकांखालून जातात. त्यामुळे ताण एका रेषेवर न येता फळीभर वाटला जातो. उरलेल्या जागेत लहान पट्ट्या बसवून आवाजाचा पोत जुळवता येतो. १८४३ मध्ये मादाम दे गोनी यांच्यासाठी मार्टिन यांनी बनवलेली गिटार ही फुलीच्या रचनेची आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी गिटार मानली जाते.

न्यूयॉर्कमधील इतर जर्मन स्थलांतरित कारागीरही त्या काळात अशाच पट्ट्या वापरू लागले होते. त्यामुळे ही कल्पना केवळ एकट्या मार्टिन यांची, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र ती रचना सातत्याने वापरून, पक्की करून पुढच्या पिढ्यांकडे सोपवण्याचे काम त्यांच्या कार्यशाळेने केले, याबाबत दुमत नाही. आजही जगभरात बनणाऱ्या स्टीलच्या तारांच्या बहुतांश अकूस्टिक गिटारींच्या पोटात हीच फुली असते.

‘०-२८’, ‘डी-२८’ या आकड्यांचा अर्थ काय?

१८५० च्या दशकात मार्टिन यांनी आपल्या गिटारींचे आकार आणि सजावट यांची शिस्तबद्ध विभागणी केली. पहिला आकडा खोक्याचा आकार सांगतो आणि तो उलटा चालतो. आकडा जितका मोठा तितकी गिटार लहान. म्हणजे ३ पेक्षा २ मोठी, २ पेक्षा १ मोठी. १८५४ च्या सुमारास त्याहून मोठा आकार आला तेव्हा आकडे संपले होते, म्हणून त्याला शून्य म्हटले गेले. पुढे दोन शून्ये आणि मग तीन शून्ये असलेले आकार आले.

दुसरा आकडा लाकूड आणि सजावटीचा दर्जा दाखवतो. १८ म्हणजे तुलनेने साधी, २८ म्हणजे कडेला नक्षीची पट्टी असलेली, ४२ म्हणजे शिंपल्याची चमकदार जडणकाम केलेली गिटार. हे आकडे मुळात त्या काळातील डॉलरमधील घाऊक किमतीवरून आले, असे मानले जाते. किमती केव्हाच बदलल्या, पण आकडे टिकले. आजच्या ‘डी-२८’मधील २८ हा त्याच पद्धतीचा वारसा आहे. त्यातील ‘डी’ हा मोठा ड्रेडनॉट आकार मात्र विसाव्या शतकातला आहे.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

१८६७ मध्ये मार्टिन यांनी मुलगा आणि पुतण्या ख्रिश्चन फ्रेडरिक हार्टमन यांना भागीदार करून घेतले. तेव्हापासून शिक्क्यावर ‘सी. एफ. मार्टिन, न्यूयॉर्क’ऐवजी ‘सी. एफ. मार्टिन अँड कंपनी, न्यूयॉर्क’ अशी अक्षरे आली. काळ ठरवताना हा एक शब्द फार उपयोगी पडतो. शिक्क्यात ‘कंपनी’ नसेल तर गिटार साधारण १८६७ पूर्वीची. ‘कंपनी’ आणि ‘न्यूयॉर्क’ दोन्ही असेल तर १८६७ ते १८९८ या काळातली. चित्रपटाच्या सेटवर फुटलेली गिटार याच काळातली होती.

मार्टिन यांचे १६ फेब्रुवारी १८७३ रोजी निधन झाले. ते ७७ वर्षांचे होते. त्यांच्यानंतर मुलाने १८८८ पर्यंत कंपनी सांभाळली. मुलाच्या निधनानंतर नातू फ्रँक हेन्री मार्टिन यांच्याकडे सूत्रे आली. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते.

अनुक्रमांक आठ हजारांपासून का सुरू झाले?

नातवाने १८९८ मध्ये दोन मोठे बदल केले. न्यूयॉर्कच्या वितरकाशी असलेला करार संपवून विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि शिक्क्यावर ‘न्यूयॉर्क’ऐवजी ‘नाझरेथ’ आणले. दुसरे म्हणजे प्रत्येक गिटारीवर अनुक्रमांक टाकायला सुरुवात केली. मात्र सुरुवात एकपासून केली नाही. १८३३ पासून तोपर्यंत सुमारे आठ हजार गिटारी बनल्या असतील असा अंदाज धरून पुढचे क्रमांक देण्यात आले.

हा अंदाज बरोबर मानला तर ६५ वर्षांत वर्षाला सरासरी १२५ गिटारीही बनल्या नाहीत. तुलनेसाठी पाहायचे तर कंपनीचा अनुक्रमांक २००४ मध्ये दहा लाखांवर आणि २०१७ मध्ये वीस लाखांवर पोहोचला. म्हणजे आज १३ वर्षांत जितक्या गिटारी बनतात, त्यांच्या एक टक्काही संस्थापकाच्या आणि मुलाच्या काळात मिळून बनल्या नव्हत्या.

१८९८ नंतरच्या गिटारीचे वर्ष शोधणे सोपे आहे. गोल भोकातून आत डोकावून दांडीच्या ठोकळ्यावरील क्रमांक वाचायचा आणि कंपनीच्या यादीशी ताडून पाहायचा. १९३० च्या अखेरीपासून क्रमांकाबरोबर मॉडेलचे नावही छापले जाऊ लागले. त्याआधीच्या गिटारींसाठी मात्र शोधकाम करावे लागते.

क्रमांक नसलेली गिटार ओळखतात कशी?

तज्ज्ञ एका खुणेवर विसंबून राहत नाहीत. अनेक खुणा एकमेकींशी जुळतात का, हे पाहतात. साधारण क्रम असा असतो.

शिक्का : पोटातील मधली पट्टी, दांडीचा ठोकळा आणि हेडस्टॉकची मागची बाजू या ठिकाणी शिक्का असू शकतो. त्यातील अक्षरांवरून कालखंड कळतो.

‘१८३३’ हा आकडा : हेडस्टॉकवर ‘स्थापना १८३३’ असे सोनेरी अक्षरांत दिसले, तर गिटार तेव्हाची आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ही खूण १९३० च्या दशकात सुरू झाली. म्हणजे तो आकडा दिसला, तर ती गिटार एकोणिसाव्या शतकातली नाही हे नक्की.

आतील पट्ट्या : छोटा आरसा आणि दिवा भोकातून आत घालून पट्ट्या आडव्या, पंख्यासारख्या की फुलीसारख्या आहेत हे पाहतात.

घोडी आणि दांडी : दोन्ही टोकांना छोटे पिरॅमिड कोरलेली घोडी, हलक्या लाकडाची दांडी, हेडस्टॉकच्या सांध्यामागे कोरलेला टोकदार चौकट आकार ही जुन्या मार्टिनची लक्षणे आहेत.

पडदे : १९३४ पर्यंत सपाट पट्टीसारखे पडदे बसवले जात. त्यानंतर इंग्रजी ‘टी’च्या आकाराचे आले. जुन्या गिटारीवर नवे पडदे असतील तर ते कधीतरी बदललेले आहेत.

एक अडचण तरीही उरते. मार्टिन यांच्याच गावाच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकात हजारो स्वस्त गिटारी अमेरिकेत आल्या. त्यांतील अनेकांवर नाव नाही, पण रूप मार्टिनसारखे आहे. अशा गिटारी मार्टिन म्हणून विकल्या जातात. बाहेरचे रूप कोणालाही उचलता येते. पट्ट्या किती पातळ तासल्या आहेत, सांधे किती घट्ट बसले आहेत, आतल्या न दिसणाऱ्या भागाचे काम किती स्वच्छ आहे, यावरून खरा निवाडा होतो. ज्यांना केवळ फर्निचरवाले म्हटले गेले, त्यांच्या गिटारी आज त्यांच्यातील सुतारकामावरूनच ओळखल्या जातात.

स्टीलच्या तारा लावल्या तर काय होते?

जुनी गिटार हाती आलेल्यांकडून सर्वाधिक नुकसान याच चुकीमुळे होते. मार्टिन यांच्या काळात जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या ताती वापरल्या जात. स्टीलच्या तारांचा साधा संच गिटारीवर साधारण ७० किलोच्या घरात ताण आणतो. तातीचा ताण याच्या जवळपास निम्मा असतो. मार्टिन कंपनीने स्टीलच्या तारांसाठी गिटारी मजबूत करायला सुरुवात केली ती १९२० च्या दशकात. म्हणजे फुलीची रचना असली तरी संस्थापकाच्या काळातील पट्ट्या तातीच्या हिशेबाने तासलेल्या आहेत. त्यावर स्टीलच्या तारा चढवल्या की काही महिन्यांत फळी फुगते, घोडी उखडते, दांडी वाकते.

दुसरी चूक म्हणजे गिटार चमकवण्यासाठी जुने पॉलिश घासून काढणे. मूळ पॉलिश, मूळ घोडी, अगदी काळ्या रंगाची जुनी लाकडी पेटीसुद्धा काळ ठरवायला मदत करते. ती गेली की गिटारीची किंमत घटतेच, पण पुरावाही जातो.

सह्याद्रीच्या शिसवाशी संबंध काय?

मार्टिन गिटारींच्या पाठीसाठी आणि कडांसाठी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मुख्यतः ब्राझीलचे रोझवूड वापरले गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तेव्हा, १९६९ मध्ये, कंपनी भारतीय रोझवूडकडे वळली. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव. सह्याद्रीपासून दक्षिण भारतातील डोंगररांगांपर्यंत तो वाढतो आणि मराठी घरांतील जुने पलंग, कपाटे, देव्हारे याच लाकडाचे आहेत. १९६९ हे वर्ष त्यामुळे संग्राहकांसाठी सीमारेषा ठरले. त्याआधीच्या रोझवूड गिटारींना जास्त भाव मिळतो.

ब्राझीलच्या रोझवूडला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक संरक्षण आहे. परवानगीच्या कागदपत्रांशिवाय अशी गिटार एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. मार्टिन यांच्या काळातील महागड्या गिटारींवर हस्तिदंताची घोडीही असे आणि हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी आहे. परदेशात राहणाऱ्या कोणी जुनी मार्टिन विकत घेऊन मायदेशी आणायचे ठरवले, तर विमानाच्या तिकिटाआधी या कागदांची चौकशी करावी लागेल.

जितकी जुनी तितकी महाग, हे खरे आहे का?

नाही. संस्थापकाच्या हातच्या, लहान आकाराच्या गिटारींपेक्षा १९३० च्या दशकातील स्टीलच्या तारांच्या मोठ्या गिटारींना बाजारात कितीतरी अधिक किंमत मिळते. त्यांचा आवाज आजच्या संगीताला जवळचा आहे, हे त्यामागचे कारण. ‘डी-४५’ हे मॉडेल १९३३ ते १९४२ या काळात केवळ ९१ वेळा बनले. त्या ९१ गिटारी संग्राहकांच्या यादीत सर्वांत वर असतात.

त्याहूनही वरची किंमत मिळते ती वाजवणाऱ्याच्या नावाला. एरिक क्लॅप्टन यांची १९३९ ची मार्टिन २००४ मध्ये ७ लाख ९१ हजार ५०० डॉलरना गेली. कर्ट कोबेन यांची १९५९ ची मार्टिन जून २०२० मध्ये ६० लाख १० हजार डॉलरना विकली गेली. वयाने या दोन्ही गिटारी संस्थापकाच्या गिटारींसमोर तरुणच आहेत.

संस्थापकाच्या गिटारींना मान मिळतो तो वेगळ्या ठिकाणी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१४ मध्ये सी. एफ. मार्टिन यांच्या सुरुवातीच्या गिटारींचे खास प्रदर्शन भरवले होते. हडसन स्ट्रीटवरचे त्यांचे पहिले दुकान याच शहरात होते.

कंपनी आज कोणाकडे आहे?

मार्टिन कंपनी आजही नाझरेथमध्ये आणि कुटुंबाच्याच मालकीची आहे. कारखान्याला जोडूनच तिचे संग्रहालय आहे. संस्थापकापासून सहाव्या पिढीतील सी. एफ. मार्टिन चौथे यांनी २०२१ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले. त्यांच्या जागी प्रथमच कुटुंबाबाहेरील व्यक्तीची नेमणूक झाली. १८३४ पासूनच्या हिशेबाच्या वह्या मात्र कंपनीने जपून ठेवल्या आहेत. अनुक्रमांक नसलेल्या एखाद्या गिटारीबाबत सगळ्या खुणा पाहूनही शंका उरली, तर अभ्यासक आजही त्या वह्यांकडे वळतात.